अलॉय व्हीलसाठी ब्रश: तारेचा घ्यावा की लोकरीचा?

अलॉय व्हीलचा दर्शनी भाग धुवायला खास ब्रश लागतच नाही. मायक्रोफायबरचा हातमोजा आणि शांपूचं पाणी पुरतं. ब्रशाचा प्रश्न येतो तो स्पोकांच्या मागे. रिमच्या आतल्या गोलाईत हात जात नाही, आणि नुसतं पाणी मारलं तर घाण भिजते पण सुटत नाही. त्या जागेसाठी दुकानात मुख्यतः दोन प्रकारचे ब्रश मिळतात. एक बाटली धुवायच्या ब्रशासारखा: पिळलेल्या तारेचा गाभा आणि भोवती प्लास्टिकचे ताठ केस. दुसरा गुबगुबीत, लोकरीच्या गोंड्यासारखा. पहिला मी दोन वर्षं वापरला, दुसरा गेली तीन वर्षं वापरतोय. हा घेऊ का तो, असं बरेचजण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी माझी परिस्थिती सांगतो, कारण तुमची वेगळी असेल तर निर्णयही वेगळा होऊ शकतो. राहायला पुण्यात, गाव दापोलीजवळ. दीड-दोन महिन्यांनी एक फेरी असते, ताम्हिणी उतरून माणगाव, महाड आणि पुढे. गाडीला १६ इंची अलॉय आहेत, दहा बारीक स्पोकांचे. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक. सोसायटीत पाइप लावून गाडी धुवायला बंदी आहे, त्यामुळे दोन बादल्या आणि झाडांवर फवारायचा हातपंप एवढ्यावरच सगळं काम चालतं. पाण्याचा जोर नसला की ब्रशावरचा भार वाढतो, हे ध्यानात ठेवा. ज्यांच्याकडे प्रेशर वॉशर आहे त्यांना पुढचे बरेच फरक एवढे जाणवणार नाहीत.

माझ्या चाकांवर दोन प्रकारची घाण येते आणि दोन्हींची तऱ्हा वेगळी. एक घाटाची. उतारावर ब्रेक लावला की गाडीचा भार पुढे येतो, पुढचे ब्रेक जास्त काम करतात, पॅड झिजतो आणि बिडाची डिस्कही थोडी थोडी झिजते. ती काळी भुकटी तापलेली असते, रिमवर बसते आणि चिकटते. तिच्यात लोखंडाचे कण असतात, ते दमट हवेत गंजले की रिमवर तपकिरी ठिपके उठतात आणि मग शांपूला दाद देत नाहीत. मागच्या ड्रममध्ये ही भुकटी बरीचशी आतच राहते, म्हणून माझी मागची दोन चाकं पुढच्यांच्या निम्म्या वेळात होतात. दुसरी घाण कोकणातल्या लाल चिखलाची. ती दिसायला भयंकर, पण भिजवली की सुटते. तिच्यात खर, म्हणजे बारीक रेती, असते एवढंच सांभाळायचं. सुक्या चिखलावर कुठलाच ब्रश फिरवू नये. दहा मिनिटं भिजू द्यावा.

चिखलाला तारेचा ब्रश उत्तम, यात शंका नाही. ताठ केसांमुळे तो चिखल ढकलून काढतो. अंगाने सडपातळ असल्यामुळे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा ब्रेकचा भाग) आणि रिम यांच्यामधल्या फटीतही जातो. स्वस्त आहे, आणि टिकतोही. दोन वर्षांत माझ्या ब्रशाचे केस वाकले, पण गळले नाहीत. त्याच्याबद्दल नेहमी ऐकू येणारी तक्रार म्हणजे तारेने ओरखडे पडतात. ती खरी आहे, पण माझ्या मते थोडी वाढवून सांगितली जाते. टोकावरची रबरी टोपी शाबूत असेल आणि ब्रश वाकडा दाबला नाही तर ओरखडे पडत नाहीत. माझ्या ब्रशाची टोपी वर्षभराने निघाली, तेव्हा टोकावर रबरी नळीचा तुकडा चढवला आणि काम भागलं. एवढ्यासाठी मी ब्रश बदलला नसता.

बदलला तो शिंतोड्यांमुळे.

ज्यांनी तारेचा ब्रश वापरलाय त्यांना हे लगेच कळेल. दोन स्पोकांमधली फट ब्रशाच्या घेरापेक्षा अरुंद असते. आत घालताना केस दबतात, बाहेर ओढताना उलटे वाकतात आणि फटीतून सुटताना एकेक केस ताडकन सरळ होतो. केसाच्या टोकावर जे काळं पाणी असतं ते तसंच उडतं. आपण उकिडवे बसलेलो असतो, तोंड चाकापासून हातभर अंतरावर, त्यामुळे ते बरोबर चेहऱ्यावर येतं. चष्मा, बाही, नुकताच पुसलेला दरवाजा, सगळीकडे काळे ठिपके. दहा स्पोक म्हणजे एका चाकाला दहा फटी, आणि प्रत्येक फटीतून तीन-चारदा ब्रश आत-बाहेर.

मी उपाय कमी केले नाहीत. चाकं आधी आणि बॉडी नंतर, हा क्रम लावला. तो तसाही योग्यच आहे आणि मी अजून पाळतो. ब्रश ओढण्याऐवजी फिरवत बाहेर काढून पाहिला, शिंतोडे कमी झाले पण थांबले नाहीत. शांपू दाट केला. मग एका रविवारी लोखंड विरघळवणारं क्लीनर मारलेलं असताना एक थेंब चष्म्याच्या बाजूने डोळ्यात गेला. पार्किंगच्या नळाखाली बराच वेळ डोळा धुतला. संध्याकाळपर्यंत चुरचुरत होता, मग थांबला. माझं त्यावर भागलं. पण माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती आणि गाडी धुताना माझ्या शेजारी बसायचा तिचा हट्ट असे, स्वतःचा छोटा मग घेऊन. तिचं तोंड माझ्याहूनही चाकाच्या जवळ. त्यानंतरच्या रविवारी ती येऊन बसली आणि मला ब्रश हातात घेववेना. तिला उठवण्यापेक्षा ब्रश बदलणं मला बरं वाटलं.

लोकरीचा ब्रश फटीतून बाहेर येताना उसळत नाही, कारण त्याच्यात ताठ असं काही नाहीच. तंतू दबतात, फटीतून सरकतात आणि बाहेर येऊन पुन्हा फुलतात. पाणी उडण्याऐवजी स्पोकावरून खाली ओघळतं. पहिल्यांदा वापरला तेव्हा चारही चाकं झाल्यावर चष्मा काढून उजेडात धरला, तर जेमतेम दोन-तीन थेंब होते. मोजमाप म्हणाल तर एवढंच. पण तारेच्या ब्रशाने एकाच चाकात त्याहून जास्त थेंब येत.

दुसरा फायदा वापरात कळला. तारेच्या ब्रशाचे केस टोकांनी टेकतात, त्यामुळे रिमच्या आत रेषारेषांनी स्वच्छ होतं आणि मधे काळे पट्टे राहतात. लोकर सगळ्या अंगाने टेकते आणि फेसही धरून ठेवते. ब्रेकच्या भुकटीवर एकदा क्लीनरने काम केलं की मग घासायचं फारसं नसतंच, पुसायचंच असतं, आणि ते काम लोकर छान करते.

घेताना मात्र एक गोष्ट बघा. नावाला लोकर असली तरी चांगल्या ब्रशाचे तंतू पॉलिप्रॉपिलीनचे असतात. ते पाणी पीत नाहीत, त्यामुळे बादलीत दोनदा खळबळले की घाण सोडतात. काही स्वस्त ब्रशांवर मायक्रोफायबर गुंडाळलेलं असतं. दिसायला तसंच, पण ते पाणी पितं, जड होतं आणि काळं पाणी पोटात धरून पुढच्या चाकावर नेतं. दुकानात ओळखायचं तर तंतू ओढून बघा: पॉलिप्रॉपिलीनचा किंचित निसरडा आणि चकचकीत लागतो, मायक्रोफायबर बोटांना धरतं.

आता लोकरीच्या ब्रशाच्या उण्या बाजू, कारण त्या आहेत. किंमत. मला तीन आकारांचा संच तारेच्या ब्रशाच्या जवळजवळ तिप्पट पडला, आणि संच घ्यावाच लागतो, कारण जाडा ब्रश कॅलिपरच्या मागे जात नाही आणि बारीक ब्रशाने सगळं रिम करायचं म्हटलं तर वेळ जातो. चिखलाला तो कमी पडतो, वाळलेल्या थराशी झोंबायची ताकद त्याच्यात नाही. आणि खर धरतो. प्रत्येक चाकानंतर वेगळ्या बादलीत खळबळून, हाताने पिळून बघावा लागतो. एखादा खडा आत राहिला तर मऊपणाचा उपयोग शून्य. हा कंटाळा ज्यांना जमणार नाही त्यांनी खरंच विचार करावा. मी दापोलीहून निघायच्या आधी विहिरीच्या पंपावर पाइपने चिखल उडवूनच निघतो, त्यामुळे पुण्यात पोचेपर्यंत चाकावर मुख्यतः घाटाची काळी भुकटीच उरते. ही सोय नसती तर कदाचित तारेचा ब्रशही सोबत ठेवला असता.

डायमंड कट अलॉय असतील तर मात्र मी फार चर्चा करणार नाही. त्यांच्या चकाकत्या भागावर रंग नसतो, उघड्या ॲल्युमिनियमवर फक्त पारदर्शक लेप असतो. त्याला ओरखडा गेला की पाणी खाली शिरतं आणि लेपाखाली पांढऱ्या अळीसारख्या रेषा पसरतात. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत हे लवकर होतं, गावातल्या दोन गाड्यांवर मी पाहिलंय. नुसत्या पॉलिशने ते जात नाही, लेप काढून रिम पुन्हा लेथवर घ्यावं लागतं. अशा चाकात तारेचा गाभा असलेलं काही घालू नये असं मला वाटतं. उलट तुमच्या गाडीला लोखंडी रिम आणि प्लास्टिकचं व्हील कव्हर असेल, तर महागड्या लोकरीची गरजच नाही. कव्हर काढा, तारेचा ब्रश मारा.

बाकीच्या ब्रशांबद्दल थोडक्यात. नटांच्या खोबणी आणि मधला लोगो यांना मी हार्डवेअरच्या दुकानातला दीड इंची रंगाचा ब्रश वापरतो, डुकराच्या केसांचा. केस पाण्यात मऊ होतात आणि कोपऱ्यात नीट जातात. त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर इन्सुलेशन टेपचे दोन-तीन वेढे मात्र घ्यायचे. काथ्याचा ब्रश टायरसाठी ठीक, रिमला लावू नका.

वापरताना चाक थंड हवं. घाट उतरून आल्या आल्या तापलेल्या डिस्कवर थंड पाणी ओतणं तिला चांगलं नाही, आणि गरम रिमवर क्लीनर लगेच वाळून डाग धरतं. लोखंड विरघळवणाऱ्या क्लीनरमध्ये बहुतेक वेळा अमोनियम थायोग्लायकोलेट असतं, केस कुरळे करायच्या लोशनमधलंच रसायन. लोखंडाशी गाठ पडली की ते जांभळं होऊन ओघळतं आणि घाण वास सुटतो. जांभळं दिसलं की वाळायच्या आत ब्रश फिरवायचा आणि भरपूर पाण्याने धुवायचं. हे मारताना हातमोजे घाला आणि मुलांना लांब ठेवा, ब्रश कुठलाही असो. आमच्याकडे आता क्लीनर मारून, धुऊन झाल्यावरच मुलीला हाक जाते. शांपूचा शेवटचा हात ती मारते, लोकरीच्या बारीक ब्रशाने.

रिमच्या आत व्हील बॅलन्सिंगची चिकटवलेली वजनं असतात, त्यांच्यावर ब्रश आपटू नका. गोंद जुना झाला असेल तर ती निघतात आणि मग हायवेवर वेग घेतला की स्टिअरिंग थरथरतं. माझ्या चाकाचं एक वजन तारेच्या ब्रशाच्या काळात असं गेलं. कदाचित ते जाणारच होतं, ब्रशाला दोष देत नाही.

घ्यायला निघण्यापूर्वी आपल्या पुढच्या चाकात कॅलिपर आणि रिम यांच्यामधली फट तेवढी बघून घ्या. दोन बोटं आरामात जात असतील तर लोकरीचा मधला ब्रश बसेल. एकच बोट जात असेल तर बारीक ब्रश असलेला संच घ्या, एकटा जाडा घेऊन फसू नका. आणि बोटही जात नसेल तर त्या फटीपुरता तारेचा ठेवा, टोकाला रबरी नळी चढवून, आणि चाकासमोर न बसता बाजूला बसून.