कर्नल बदलला, टचपॅड गेला: मागे फिरायचं, जागेवर दुरुस्त करायचं की पुढे जायचं?

मंगळवारी रात्री लॅपटॉपने अपडेट मागितलं, मी दिलं. रीस्टार्ट झाल्यावर बाण स्क्रीनच्या मधोमध थिजून बसला. वीजबिलाची शेवटची तारीख होती. माळ्यावर माऊस सापडला, पण गोल पीएस-टू पिनचा, आणि लॅपटॉपला तसलं भोकच नाही. टॅब आणि एंटर बडवत बिल भरलं एकदाचं.

लिनक्सवर अपडेटने कर्नल, म्हणजे हार्डवेअर चालवणारा सिस्टिमचा गाभा, बदलून असं झालं की समोर तीन-चार वाटा दिसतात. त्याआधी एक खातरजमा करा: फंक्शन कीने टचपॅड चुकून बंद तर केलेला नाही ना? हसू नका, हे फार वेळा निघतं. बाण फिरतोय पण टॅप किंवा दोन बोटांनी स्क्रोल होत नसेल, तर आधी सेटिंग्ज बघा, कर्नलला नंतर धरा.

दोषी कर्नलच आहे का, हे ठरवायची पक्की परीक्षा एकच. लॅपटॉप सुरू होताना एस्केप दाबा (बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारा प्रोग्रॅम, जुन्या पद्धतीचा असेल तर शिफ्ट धरून ठेवा), ग्रब या बूट मेनूच्या यादीत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा आणि आधीचा कर्नल निवडा. एस्केप एकदाच दाबा. घाईने चारदा दाबलात तर काळ्या प्रॉम्प्टवर जाऊन पडाल. जुन्या कर्नलवर टचपॅड चालला तर पुढे वाचा. तिथेही मेलेलाच असेल तर गडबड बहुधा हार्डवेअरची, बायोसची किंवा सेटिंगची आहे आणि पुढचं काही तुमच्या कामाचं नाही. अपवाद अगदी नव्या लॅपटॉपचा, त्यासाठी शेवटची चौथी वाट बघा.

पहिली वाट हीच: जुन्या कर्नलवर राहायचं. पाच मिनिटांचं काम, धोका जवळजवळ शून्य. उबंटू, फेडोरा, आर्च, मिंट हे लिनक्सचेच वेगवेगळे अवतार. उबंटू आधीचा कर्नल ठेवतं, फेडोरा मुळातच तीन ठेवतं. आर्चवाल्यांची मात्र पंचाईत, कारण तिथे नवं पॅकेज जुन्याच्या जागीच बसतं. म्हणून शहाणे लोक शेजारी एलटीएस (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारा) कर्नल आधीच टाकून ठेवतात. पण उबंटूत ‘ॲप्ट-मार्क होल्ड’ ही अपडेट रोखणारी कमांड लावून तोच कर्नल धरून बसलात तर कर्नलच्या सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात. आठवडा-दोन आठवडे ठीक. वर्षभर नको.

दुसरी वाट, नव्या कर्नलवरच राहून दुरुस्ती. इथे थोडं आत डोकवावं लागतं. टचपॅड प्रोसेसरशी साधारण तीन रस्त्यांनी बोलतो: जुना पीएस-टू (हो, माळ्यावरच्या माऊसचाच भाऊ, अजून कित्येक लॅपटॉपच्या पोटात आहे), एसएम-बस आणि आय-टू-सी. काही टचपॅडना यातले दोन रस्ते येतात, आणि कर्नल बदलला की कधी कधी रस्ताही बदलतो. टर्मिनलमध्ये ‘डीमेसेज’ (कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) चालवून ‘पीएसमाऊस’ (पीएस-टूचा ड्रायव्हर) शोधा. सिनॅप्टिक्स कंपनीचा टचपॅड असेल तर तिथे कधी कधी चक्क सल्लाच लिहिलेला सापडतो: तुमच्या टचपॅडला वेगळी बस, म्हणजे वेगळा रस्ता, चालते असं तो म्हणतोय, ‘सिनॅप्टिक्स इंटरटच’ हा पॅरामीटर (कर्नलला द्यायची सूचना) 1 करून बघा. नव्या कर्नलने आपणहून तो रस्ता धरून घोळ घातला असेल तर उलट 0 करायचं.

हे सरळ फाइलमध्ये लिहू नका. ग्रबच्या यादीत कर्नलवर उभं राहून ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी पॅरामीटर जोडा आणि एफ-10 दाबा. हा बदल एका बूटपुरता असतो. फसला तर रीस्टार्ट केलं की सगळं पूर्ववत. जमला तरच ग्रबच्या डीफॉल्ट फाइलमध्ये कायमचा लिहा. टचपॅड फक्त झोपेतून उठल्यावर मरत असेल तर पॅरामीटरआधी ‘मॉडप्रोब’ कमांडने पीएसमाऊस किंवा आय-टू-सी-हिडचं मॉड्यूल (ड्रायव्हरचा तुकडा) काढून परत घालून बघा. या वाटेचा फायदा असा की सुरक्षा आणि नवं वाय-फाय हातचं जात नाही. तोटा म्हणजे सहा महिन्यांनी ती ओळ कशासाठी लिहिली होती हे आठवत नाही.

तिसरी वाट लोकांच्या लक्षात येत नाही, आणि मला तीच सगळ्यात शहाणपणाची वाटते. जुना कर्नल गोठवून ठेवणं वेगळं आणि जुन्या शाखेवर राहणं वेगळं. उबंटू 24.04 ची मूळ शाखा 6.8 आहे, एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीची) शाखा मात्र दर काही महिन्यांनी उडी मारते, आधी 6.11, मग 6.14. तुम्ही काही न करता टचपॅड गेला असेल, तर बहुधा याच उडीत. मूळ शाखेला 2029 पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहणार आहेत. फक्त मूळ शाखेचं ‘लिनक्स-जेनेरिक’ पॅकेज टाकून थांबू नका. ग्रब सगळ्यात मोठ्या आकड्याचा कर्नल उचलतो, तेव्हा एचडब्ल्यूईचं पॅकेज आणि त्याचे कर्नल काढावेही लागतात. मिंटमध्ये हेच अपडेट मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेनूतून माऊसने होतं. माऊस असेल तर!

उरली चौथी, त्याहून नव्या कर्नलकडे धाव. लॅपटॉप अगदी नवा असेल तरच हिला अर्थ आहे. 2020 च्या रायझनवाल्या लेनोवो लीजन 5 चा टचपॅड लिनक्सवर चालत नव्हता आणि दुरुस्ती पुढच्या कर्नलमध्येच आली, मागे जाऊन काही मिळणार नव्हतं. पण उबंटूचे मेनलाइन (मूळ प्रकल्पातले ताजे) कर्नल डिजिटल स्वाक्षरीविना येतात, म्हणजे सिक्युअर बूट (स्वाक्षरी नसलेलं सुरू होऊ न देणारं कुलूप) बंद करणं आलं, आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर नव्या कर्नलवर बांधला जाईलच असं नाही. टचपॅडसाठी स्क्रीन गमावलेले लोक मी पाहिले आहेत.

मावशीच्या लॅपटॉपवर मी डोळे झाकून मूळ शाखा ठेवली आहे. तिला इंटरटचशी काय देणंघेणं. हार्डवेअर नवीन आणि सवड असेल तर दुसरी वाट करून बघा. मी स्वतः दहा दिवस जुन्या कर्नलवर काढले, पुढच्या अपडेटमध्ये टचपॅड परत आला, तेव्हा होल्ड उठवला.

कुठलीही वाट धरा, बग मात्र नोंदवा. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या अशा दोन्ही कर्नलचे पूर्ण आकडे आणि दोन्हींचं डीमेसेज जोडा. ‘अपडेटनंतर टचपॅड बंद’ एवढ्यावर कुणी काही करू शकत नाही.