जूनमध्ये बंदराची सहल विकणाऱ्यांपासून जपून राहा

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून आपल्याकडची बरीच मंडळी कोकणात जातात ती ऐन पावसाच्या तोंडावर. सीताबर्डीच्या एका टूरवाल्याने हेच हेरून आम्हाला गंडवलं.

दापोलीचा मुक्काम ठीक होता, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ‘हर्णे बंदर, एक दिवस’ या वेगळ्या विकलेल्या सहलीची. माणशी अठराशे रुपये आगाऊ, तेही कंपनीच्या नव्हे, त्याच्या बायकोच्या खात्यावर. त्यात बोटीने सुवर्णदुर्ग, वाळूवरचा मासळीचा लिलाव आणि दुपारी बंदरावरची ताजी सुरमई. पाऊस लागला तर, असं विचारलं, तर म्हणे, “काही टेन्शन घेऊ नका जी, आपला माणूस आहे तिकडे.”

हर्ण्याला पोचलो तर होड्या वर ओढून ठेवलेल्या, निळ्या ताडपत्र्या सुंभाने करकचून आवळलेल्या. सुके बोंबील विकणाऱ्या एका मावशींना लिलावाची वेळ विचारली, तर त्या हसल्याच. “दर्या बंद आहे भाऊ. आता ऑगस्टाशिवाय काय नाय.” १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदच असते, दरवर्षी. किल्ल्याची बोटही पावसाळ्यात सुटत नाही. नेहमी कोकणात गाड्या पाठवणाऱ्याला हे माहीत नसेल? खुशाल माहीत होतं!

त्याचा ‘माणूस’ मात्र डगमगला नाही. त्याने आम्हाला कनकदुर्गावर नेलं, म्हणजे किनाऱ्यालाच लागून असलेल्या, बुरूज आणि दीपस्तंभ एवढंच उरलेल्या गडावर. सुवर्णदुर्ग तिथून समोर पाण्यात दिसतो. “किल्ला म्हटलं होतं, किल्ला दाखवला,” वर हे ऐकवलं. पोट्टे बिचारे बोट कधी येणार विचारत राहिले. जेवणातली सुरमई बर्फातली होती, कडा पिवळ्या पडलेली. पहिल्याच घासाला कळलं.

नागपूरला येऊन पैसे मागितले तर पावतीच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरची जाहिरात त्याने काढून टाकली होती, पण माझ्या बायकोने स्क्रीनशॉट ठेवला होता. तो आणि यूपीआयची नोंद जोडून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, तेव्हा कुठे अर्धे पैसे परत आले. उरलेल्यांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जातो आहोत. २०१९च्या कायद्याने आपण राहतो तिथेच दावा लावता येतो, रत्नागिरीच्या चकरा नाहीत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही. याच माणसाने कोणाला फसवलं असेल तर स्क्रीनशॉट पुसू नका, आमच्यासोबत या.