एफडीआर तक्ता: तीन हंगाम दुकानाच्या भिंतीवर लावल्यानंतर

प्रीमियर लीगचं, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल फुटबॉल लीगचं, २०२५-२६ चं वेळापत्रक १८ जूनला आपल्याकडच्या दुपारी दीड वाजता जाहीर झालं. महाद्वार रोडवर माझं झेरॉक्स आणि कलर प्रिंटचं दुकान आहे. दीड म्हणजे शटर अर्धं ओढून डबा उघडायची वेळ. डबा तसाच ठेवला आणि आधी माझ्या आर्सेनलचे पहिले सहा सामने बघितले. मँचेस्टर युनायटेडकडे, मग लीड्स घरी, लिव्हरपूलकडे, नॉटिंगहॅम फॉरेस्ट घरी, मँचेस्टर सिटी घरी आणि न्यूकॅसलकडे. पाच मिनिटांत मंगळवार पेठेतल्या मित्राचा मेसेज आला, "भावा, तुमचा हंगाम सप्टेंबरातच संपला बघ."

संपला की नाही, हे जूनमध्ये ठरवायचं कशावरून? बहुतेक लोक फँटसी प्रीमियर लीगच्या (खऱ्या खेळाडूंमधून आपला संघ निवडून गुण कमवायचा ऑनलाइन खेळ) अॅपमधला 'फिक्स्चर डिफिकल्टी रेटिंग' म्हणजे एफडीआर तक्ता उघडतात. मीही तीन हंगाम तेच करतोय. दर हंगामाला त्याची ए-थ्री प्रिंट काढून काउंटरमागच्या भिंतीवर लावतो. त्या वापरातून जे कळलं ते इथे लिहितोय. आमच्या ग्रुपमधले नवे लोक दर ऑगस्टला तोच प्रश्न विचारतात, त्यांनाही उपयोग होईल.

तक्ता साधा आहे. वीस संघांच्या वीस ओळी, येणाऱ्या आठवड्यांचे स्तंभ, आणि प्रत्येक चौकटीत प्रतिस्पर्ध्याची तीन अक्षरं. सामना घरचा की बाहेरचा, तेही तिथेच. चौकटीचा रंग काठिण्य सांगतो. १ ते ५ अशी मोजपट्टी आहे: गडद हिरवा सर्वांत सोपा, मग हिरवा, मधला राखाडी, मग लाल आणि शेवटी गडद तपकिरी-लाल. पैसे लागत नाहीत, आणि एका नजरेत वीसही संघांचा पुढचा दीड महिना दिसतो. फँटसीत पंधरा खेळाडू, १०० मिलियनचं बजेट, एका क्लबचे जास्तीत जास्त तीन, आणि आठवड्याला एक फुकट बदली, जादा बदलीला ४ गुण कापले जाणार. एवढ्या चौकटीत संघ बसवायचा तर कुणाचा बचावपटू आत्ता घ्यावा आणि कुणाचा चार आठवड्यांनी, हे या तक्त्याइतकं झटकन दुसरं काही दाखवत नाही. हे त्याचं मोठं काम आहे आणि ते तो चोख करतो.

प्रिंट काढणाऱ्यांसाठी एक सूचना. पहिल्या वर्षी रंगीत शाई संपली होती म्हणून मी ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढली. गडद हिरवा आणि गडद लाल दोन्ही सारखेच काळपट आले. म्हणजे सर्वांत सोपा आणि सर्वांत अवघड सामना कागदावर एकसारखा. चौकटीत आकडा नसतो, नुसता रंग असतो. तेव्हा कलर प्रिंटच काढा, किंवा हाताने आकडे लिहा.

आता जे खटकतं त्याबद्दल. हंगामाच्या तोंडावर रंग ठरतो तो मुख्यतः संघाच्या नावाला चिकटलेल्या वजनावरून. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टर युनायटेड आणि टॉटनहॅम म्हणजे जड पेपर, आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट म्हणजे हमखास विजयाचे तीन गुण, असंच मी धरलं होतं. सगळ्यांनीच धरलं होतं. फॉरेस्ट त्याआधी सतराव्या क्रमांकावर होता. मग १४ सप्टेंबरला याच फॉरेस्टने अॅनफिल्डवर जाऊन लिव्हरपूलला १-० ने हरवलं. पुढे विजेता ठरलेल्या लिव्हरपूलला. हंगामाअखेर फॉरेस्ट सातवा, युनायटेड पंधरावा आणि टॉटनहॅम सतरावा. ऑगस्टात लालभडक वाटलेल्या चौकटी मेपर्यंत हिरव्या झाल्या होत्या आणि हिरवी लाल. आठवडे जातील तसा तक्ताही बदलतो हे खरं, पण पहिला संघ तर आपण ऑगस्टमध्येच निवडलेला असतो.

दुसरी उणीव मला जास्त मोठी वाटते. तक्त्यात फक्त लीगचे सामने आहेत. कोल्हापूरकराला हे लगेच कळावं. आपल्याकडे लीग असो की स्पर्धा, सगळे सामने शाहू स्टेडियमवर. घरचं-बाहेरचं असं काही नाहीच. तरीही पाटाकडील किंवा दिलबहार या आपल्या तालीम संघांचा सामना बघायला जाताना गॅलरीत पहिला प्रश्न असतो तो हाच, की पोरं मागचा सामना कधी खेळली आणि त्यात किती घासली. समोर कोण आहे हा प्रश्न नंतरचा. आमचे वडील मैदानात शिरण्याआधीच हे विचारायचे, आणि मला फुटबॉल बघायला शिकवलं ते त्यांनीच.

तेच मोजमाप इंग्लंडला लावून बघा. सप्टेंबर २०२४ मध्ये आर्सेनलच्या ओळीत लागोपाठ दोन बाहेरचे सामने होते, १५ तारखेला टॉटनहॅमकडे आणि २२ ला मँचेस्टर सिटीकडे. तक्त्यात दोन चौकटी शेजारी शेजारी. मध्ये काही नाही. प्रत्यक्षात मध्ये १९ तारखेला इटलीत अटलांटाविरुद्ध चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेचा, सामना होता. आठ दिवसांत तीन सामने, तिन्ही परक्या मैदानावर. त्यात आमचा कर्णधार ओडेगार्ड नॉर्वेकडून खेळताना घोट्याला दुखापत करून आलेला, आणि डेक्लन राइस ब्रायटनविरुद्ध लाल कार्ड घेतल्यामुळे टॉटनहॅमच्या सामन्याला बाहेर.

ते आठ दिवस मी अजून विसरलेलो नाही. टॉटनहॅमला साकाच्या कॉर्नरवर गॅब्रिएलचं हेडर, १-० ने जिंकलो. अटलांटाला आमचा गोलकीपर राया याने पेनल्टी अडवली, ०-०. सिटीकडे कालाफिओरी आणि गॅब्रिएलच्या गोलांनी आम्ही २-१ ने पुढे होतो, मध्यंतराच्या तोंडावर आमच्या ट्रोसार्डला लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं, आणि दुसरा पूर्ण अर्धा दहा जणांनी गोलासमोर भिंत बांधून काढला. ९८व्या मिनिटाला स्टोन्सने बरोबरी केली. घरात सगळे झोपले होते, मी टीव्हीचा आवाज बंद करून उभ्याने बघत होतो. त्या संघाचे पाय का जड झाले होते, ते दोन लाल चौकटी सांगत नाहीत. मधली जी चौकट तक्त्यात नाही ती सांगते.

आणि हे ओझं वाढतंच आहे. २०२४-२५ पासून चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या टप्प्यात सहाऐवजी आठ सामने झाले. युरोपात खेळणाऱ्या क्लबला एफडीआर वाचताना प्रत्येक वेळी हे दुसरं वेळापत्रक शेजारी ठेवावंच लागतं.

तिसरी गोष्ट तक्त्याच्या हातात नाही, पण माहीत असावी. जूनमधल्या तारखा पक्क्या नसतात. टीव्हीसाठी सामने शनिवारचे रविवारी जातात, कप स्पर्धांमुळे पुढे ढकलले जातात. ७ डिसेंबर २०२४ ची एव्हर्टन-लिव्हरपूल डर्बी (एकाच शहरातल्या दोन क्लबांचा सामना) डॅरा वादळामुळे रद्द झाली आणि थेट १२ फेब्रुवारीला झाली. एव्हर्टनला डिसेंबरात एक सामना कमी आणि फेब्रुवारीत एक जास्त. अशा वेळी कोणत्याही मोजमापाची घडी विस्कटते.

त्याच वर्षी मी एका पैसे घेणाऱ्या साइटची वर्गणी भरली होती. नाव देत नाही. काठिण्याचे दशांशातले आकडे, हल्ल्याचा वेगळा आणि बचावाचा वेगळा, असं सगळं त्यात होतं. कल्पना चांगली आहे. एफडीआर एका सामन्याला एकच रंग देतो, पण गोल भरपूर करणारा आणि भरपूर खाणारा संघ समोर असेल तर आपला स्ट्रायकर खूश आणि गोलकीपर रडकुंडीला, हे एका रंगात मावत नाही. पण त्या डर्बीच्या दिवशी सामना रद्द झाल्याची बातमी दुपारीच आली तरी त्यांच्या पानावर तो तसाच दिसत होता. दुकानात गर्दी होती, मी त्यांच्या पानावर भरवसा ठेवला, आणि लिव्हरपूलचे माझे तिन्ही खेळाडू तसेच राहिले. बाकावरचे तिघे बळेच आत आले. वर्गणी पुन्हा भरली नाही.

आता मी काय करतो ते सांगतो, कारण माझ्या मते एफडीआरचा खरा उपयोग या जोडीनेच होतो. प्रिंटच्या खाली मी पेन्सिलने दोन ओळी आखतो.

पहिल्या ओळीत, मागच्या हंगामात याच सामन्यात, याच मैदानावर आपल्याला किती गुण मिळाले. वर चढून आलेल्या संघाला खाली गेलेल्याच्या जागी धरायचं. चॅम्पियनशिप म्हणजे लगेच खालच्या लीगचा विजेता अठराव्याच्या जागी, म्हणजे यंदा लीड्स हा लेस्टरच्या जागी. या हिशोबाने आर्सेनलच्या त्या सहा सामन्यांचं मागच्या वर्षीचं उत्तर असं होतं: युनायटेडकडे १-१, लेस्टर घरी ४-२, लिव्हरपूलकडे २-२, फॉरेस्ट घरी ३-०, सिटी घरी ५-१, न्यूकॅसलकडे ०-१. एकूण ११ गुण. म्हणजे मित्र म्हणत होता तसा हंगाम संपवणारा हा डोंगर नव्हता. याच मैदानांवर आम्ही मागच्या वर्षी फक्त एकदा हरलो होतो.

यंदा काय झालं? युनायटेडकडे १-०, लीड्सला ५-०, लिव्हरपूलकडे सोबोस्लाईच्या फ्री किकवर ०-१, फॉरेस्टला ३-०, सिटीशी १-१, आणि न्यूकॅसलकडे भरपाईच्या वेळेत गॅब्रिएलच्या हेडरने २-१. एकूण १३. तेच सामने, दोन गुण जास्त. लिव्हरपूलकडे हरलो त्या रात्री ग्रुपवर रडारड चालली होती, तेव्हा मी भिंतीवरच्या कागदाचा फोटो टाकला होता. त्या कागदावर आम्ही मागे नव्हतो.

दुसऱ्या ओळीत विश्रांतीचे दिवस, आपले आणि समोरच्याचे. २१ सप्टेंबरचा सिटीचा सामना घ्या. आर्सेनल मंगळवारी चॅम्पियन्स लीगमध्ये बिल्बाओत खेळून आला होता, सिटी गुरुवारी रात्री नापोलीशी खेळला होता. आम्हाला मध्ये चार पूर्ण दिवस, त्यांना दोन. तक्त्यात ती चौकट सिटीच्या नावाचीच होती. मैदानात मात्र हालांडच्या गोलनंतर सिटीचा प्रशिक्षक ग्वार्डिओला याचा संघ शेवटी शेवटी आपल्याच पेनल्टी बॉक्ससमोर गोळा होऊन बसला होता. सिटी असा खेळताना मी तरी कधी पाहिला नव्हता. आमच्या मार्टिनेलीने ९३व्या मिनिटाला चेंडू उचलून गोलकीपरच्या डोक्यावरून टाकला तेव्हा त्यांचा बचाव पळून दमलेला स्पष्ट दिसत होता.

फॉरेस्टचं उदाहरण मात्र माझ्या दोन्ही ओळींना पकडता आलं नाही. सामना १३ सप्टेंबरला, आणि त्याच आठवड्यात त्यांनी प्रशिक्षक नुनो यांना काढून पोस्तेकोग्लू यांना आणलं. नव्या प्रशिक्षकाचा पहिलाच सामना आमच्या मैदानावर. जूनमध्ये काय, ऑगस्टमध्येही हे कुणाला लिहिता आलं नसतं. म्हणून मी पुढच्या सहा आठवड्यांपलीकडे रंगांकडे बघतच नाही. पूर्ण ३८ सामन्यांची बेरीज करून 'अमक्या क्लबचं वेळापत्रक सर्वांत अवघड' असं सांगणारे खूप असतात. प्रत्येक जण प्रत्येकाशी घरी एकदा आणि बाहेर एकदा खेळतो, मग वर्षभराचं ओझं जवळपास सारखंच असणार. फरक पडतो तो क्रमाचा.

तर एफडीआरला माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. फँटसी नव्याने खेळणाऱ्याने जरूर वापरावा. ज्याचा क्लब युरोपात खेळत नाही त्याला तर यात जवळपास सगळं मिळेल. बाकीच्यांनी पेन्सिल घ्यावी.

नोव्हेंबरची प्रिंट कालच लावली. आर्सेनलच्या ओळीत २३ तारखेला टॉटनहॅम घरी आणि ३० ला चेल्सीकडे, चौकटीला चौकट लागून. मागच्या वर्षी टॉटनहॅमला घरी २-१ ने हरवलं होतं आणि चेल्सीकडे १-१ झालं होतं, म्हणजे पहिल्या ओळीत ४ गुण लिहिले. मग दोन चौकटींच्या मधल्या रेघेवर, जागा नसताना, बारीक अक्षरात लिहिलं: बुधवार २६, बायर्न म्युनिक.