एनएफपीएम: एका यामल फाइलीत डेब आणि आरपीएम

प्रकल्पाच्या मूळ रेपोत डेबियन फोल्डर (डेबियन-उबुंटूचं डेब पॅकेज बांधायच्या सूचना) आणि स्पेक फाइल (फेडोराच्या आरपीएम पॅकेजच्या सूचना) ठेवण्याऐवजी एनएफपीएम, म्हणजे एका यामल सेटिंग फाइलीवरून लिनक्स पॅकेजं बनवणारं साधन, वापरावं का? गो किंवा रस्टमधली एकच बायनरी (बांधून तयार प्रोग्राम) वाटायची असेल, तर जरूर. आरपीएमबिल्ड हे नेहमीचं साधन नसलेल्या मशीनवरही आरपीएम तयार होतं, अल्पाइन लिनक्सचं एपीके आणि आर्च लिनक्सचंही पॅकेज निघतं.

अडचण डिपेन्डन्सीत, म्हणजे पॅकेजला लागणाऱ्या इतर पॅकेजांच्या यादीत आहे. डेबियनची साधनं बायनरी तपासून लायब्ररींची यादी स्वतः काढतात. इथे ती हातानं लिहायची. ओपनएसएसएल या लायब्ररीच्या पॅकेजचं नाव डेबियन १२ वर लिबएसएसएल३, फेडोरात ओपनएसएसएल-लिब्स, म्हणून यामल फाइलीत प्रत्येक फॉरमॅटची वेगळी यादी देणारा ओव्हरराइड्स विभाग हवाच. उबुंटू २४.०४ वर (सी ची मूळ लायब्ररी जीलिबसी, आवृत्ती २.३९) बांधलेलं सी पॅकेज डेबियन १२ वर (जीलिबसी २.३६) बिनतक्रार बसतं आणि चालवताना कोसळू शकतं, कारण लिबसी६ ची (जीलिबसीच्या पॅकेजची) किमान आवृत्ती कुणी लिहिलेलीच नसते. म्हणून ज्यांवर पॅकेज चालायला हवं, त्यांतल्या जुन्यात जुन्या डिस्ट्रोच्या कंटेनरमध्ये बांधा. कॉन्फिग फाइलींना 'कॉन्फिग' प्रकार द्या, नाहीतर अपग्रेडमध्ये वापरकर्त्याचे बदल पुसले जातील.

डेबियनच्या अधिकृत भांडारात मात्र हे पॅकेज चालणार नाही. तिथे सोर्स पॅकेज (मूळ कोड आणि बांधायच्या सूचना) लागतं. त्याचा ३.० क्विल्ट फॉरमॅट तर मूळ टारबॉलमधलं (तुमच्या कोडच्या संग्रहातलं) डेबियन फोल्डर सरळ काढून स्वतःचं ठेवतो. तेव्हा त्या फोल्डरवर घाम गाळण्यापेक्षा मेक इन्स्टॉलमध्ये डेस्टडिर (फाइली कुठल्या फोल्डरखाली ठेवायच्या ते सांगणारं व्हेरिएबल) नीट पाळा, डेबियनचे मेंटेनर धन्यवाद देतील.