आम्लपित्तासाठी शस्त्रक्रिया कधी करावी? पुण्यातील एका रिफ्लक्स विभागाचा अनुभव

गेल्या दीड वर्षात आमच्या घरातील दोघांनी पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या रिफ्लक्स विभागात, म्हणजे जठरातले आम्ल किंवा अन्न वर येण्याच्या त्रासावरील विभागात, उपचार घेतले. एक माझी थोरली बहीण, वय 54, आणि दुसरा मी, वय 47. दोघांचीही तक्रार वरवर पाहता एकच होती: छातीत जळजळ, आंबट ढेकरा आणि वर्षानुवर्षे चालू असलेल्या, जठरातील आम्ल कमी करणाऱ्या पॅन्टोप्राझोलच्या गोळ्या. ताईला गोळीने आराम पडत होता, त्यामुळे तिला शस्त्रक्रियेची गरजच नाही, असे घरात सर्वांनी गृहीत धरले होते. मला गोळीने आराम पडत नव्हता, त्यामुळे आता शस्त्रक्रियेवाचून इलाज नाही, असे मला साताऱ्यातील एका खासगी रुग्णालयात सांगण्यात आले होते. पुण्यात सर्व तपासण्या झाल्यावर निर्णय नेमका उलटा लागला. ताईची शस्त्रक्रिया झाली, माझी झाली नाही, आणि दोन्ही निर्णयांबद्दल आज आम्ही समाधानी आहोत. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही. हे वाचून कोणी थेट तेथे शस्त्रक्रियेसाठी नाव नोंदवावे, असा माझा हेतू नाही. तो विभाग कोणत्या वाटेने निर्णयापर्यंत पोचतो, हे रुग्णांना कळावे एवढ्यासाठी हा अभिप्राय आहे.

साताऱ्यातील रुग्णालयात माझी एंडोस्कोपी (दुर्बिणीची तपासणी) झाली तेव्हा माझी गोळी चालूच होती. तपासणी दहा मिनिटांत आटोपली, अन्ननलिका आणि जठर यांच्यामधील ‘झडप सैल आहे’ असे सांगण्यात आले आणि त्याच दुपारी खर्चाचा अंदाज व पुढच्या आठवड्यातील तारीख हातात पडली. अन्ननलिकेवर सूज किंवा व्रण असल्याची नोंद त्या अहवालात नव्हती. दुर्बिणीतून झडप सैल दिसते एवढ्यावरून आम्ल वर येते आणि त्याच्यामुळेच जळजळते, हे सिद्ध होत नाही, ही गोष्ट मला फार नंतर समजली. त्या दिवशी मी सही केली नाही, याचे कारण केवळ इतकेच की पत्नी बरोबर नव्हती.

पुण्यातील पहिली भेट सुमारे चाळीस मिनिटांची होती आणि तिच्यातील पहिला प्रश्न शस्त्रक्रियेबद्दल नव्हता. “गोळी नक्की केव्हा घेता?” असे डॉक्टरांनी विचारले. मी नाश्त्यानंतर, चहाबरोबर घेत होतो. त्यांनी समजावले की जठरातील आम्ल तयार करणारे पंप अन्न पोटात गेल्यावर जागे होतात आणि हे औषध जागे असलेल्या पंपांनाच बंद करू शकते. त्यामुळे गोळी खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी, रिकाम्या पोटी गेली पाहिजे. नऊ वर्षांत औषधांच्या दुकानात किंवा दवाखान्यात हे मला इतक्या स्पष्टपणे कोणी सांगितले नव्हते. आठ आठवडे गोळी नीट घेऊन पुन्हा या, तोवर शस्त्रक्रियेचा विचारही नको, असे सांगून त्यांनी मला परत पाठवले. मी तंतोतंत पाळले, पण जळजळ कमी झाली नाही.

ताईला विचारलेला प्रश्न वेगळा होता: “जळजळ होते, की खाल्लेले वर येते?” आम्ही हे दोन्ही एकच समजत होतो. ताई गोळी नियमाने उपाशीपोटी घेत असे आणि तिची जळजळ जवळजवळ थांबलेली होती. मात्र केर काढताना वाकली की घशाशी पाणी येई, आणि रात्री खोकल्याने गुदमरून तिला जाग येई. पलंगाच्या उशाकडील पायांखाली विटा ठेवून झाल्या होत्या, संध्याकाळी सातला जेवण उरकून झाले होते, वजनही सहा किलोंनी उतरवून झाले होते; तरी अनेकदा ती आरामखुर्चीतच झोपत असे. डॉक्टरांनी कागदावर जठर आणि अन्ननलिका काढून दाखवली. गोळी जठरातील रसाचा आंबटपणा कमी करते, झडप दुरुस्त करत नाही; जे वर येत होते ते येतच राहते, फक्त कमी जाळते. माझ्या मते या विभागात मिळालेली ही सर्वांत मोलाची समज आहे, कारण शस्त्रक्रिया कोणासाठी, या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यात आहे.

उरलेले अर्धे उत्तर मोजमापातून येते. आम्हा दोघांनाही तपासणीपूर्वी सात दिवस गोळी बंद ठेवण्यास सांगितले. ताईची एंडोस्कोपी गोळी थांबवलेल्या अवस्थेत नव्याने केली. त्यानंतर मॅनोमेट्री, म्हणजे अन्ननलिकेच्या स्नायूंचा दाब मोजण्याची तपासणी झाली. नाकावाटे बारीक नळी घालतात, आडवे झोपवून थोडे थोडे पाणी दहा वेळा गिळायला लावतात आणि प्रत्येक घोटाची लाट पडद्यावर दिसते. नळी घशातून उतरताना ओकारी येते, डोळ्यांत पाणी येते. पण तंत्रज्ञ बाईंनी हात धरून, घोट घेत घेत ती इतक्या शांतपणे उतरवली की दुसऱ्या दिवशी ताई न घाबरता त्याच खोलीत गेली. ही तपासणी टाळून शस्त्रक्रिया करणे धोक्याचे असते, कारण अन्ननलिकेची खालची झडप उघडतच नसेल तरीही रुग्णाला जळजळ जाणवू शकते आणि अन्न वर येऊ शकते. तशा रुग्णाची झडप आणखी आवळली, तर त्याचे गिळणेच बंद होईल.

तिसरी तपासणी चोवीस तासांची. नाकातून घातलेली पातळ तार अन्ननलिकेत राहते, खांद्याला अडकवलेले छोटे यंत्र आम्लाची पातळी आणि वर येणाऱ्या द्रवाची हालचाल सतत नोंदवते, आणि जळजळ झाली की रुग्णाने बटण दाबायचे असते. मी कोथरूडला पुतण्याकडे राहिलो. “घरी जे खाता तेच खा, उगाच पथ्य पाळू नका,” असे बजावले होते, म्हणून तार नाकात असताना मिसळही खाल्ली. पथ्याच्या दिवशी केलेले मोजमाप नेहमीच्या दिवसाबद्दल काहीच सांगत नाही, हे त्यामागचे कारण मला पटले.

अहवाल समजावून सांगताना पोटविकारतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक दोघेही एकत्र बसले होते, ही या विभागाची पद्धत मला फार आवडली. चोवीस तासांपैकी 4 टक्क्यांहून कमी वेळ अन्ननलिकेत आम्ल असेल तर ते सामान्य मानतात, 6 टक्क्यांहून अधिक असेल तर आजार सिद्ध झाला असे मानतात, आणि मधल्या पट्ट्यात इतर पुरावे पाहावे लागतात. ताईचा आकडा 11.8 टक्के होता, म्हणजे दिवसाकाठी सुमारे 2 तास 50 मिनिटे. शिवाय एंडोस्कोपीत लॉस एंजेलिस वर्गवारीतील (ए सर्वांत सौम्य, डी सर्वांत तीव्र) ‘सी’ दर्जाचे व्रण होते, आणि जठराचा 4 सेंटिमीटर भाग श्वासपटलाच्या भोकातून छातीत सरकलेला होता. माझा आकडा 1.6 टक्के निघाला. मी बटण चौदा वेळा दाबले होते आणि त्यांपैकी एकाच वेळी खरोखर काही वर आले होते. माझी जळजळ खोटी नव्हती, हे डॉक्टरांनी आपणहून सांगितले. पण ती आम्लामुळे नव्हती. अन्ननलिकेच्या मज्जातंतूंची संवेदना वाढलेली होती, आणि झडप कितीही घट्ट केली तरी ती कमी होणार नव्हती.

गोळीला दाद देणारा रुग्ण शस्त्रक्रियेलाही चांगली दाद देतो आणि गोळीने मुळीच फरक न पडणाऱ्या रुग्णाबाबत मात्र आधी निदानच तपासावे लागते, हे ऐकून मी चकित झालो. त्यांनी अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीचा दाखला दिला. गोळीने जळजळ थांबत नाही म्हणून पाठवलेले 366 रुग्ण काटेकोरपणे तपासले गेले. 42 जणांना गोळी नीट घेतल्यावरच आराम पडला, 99 जणांची जळजळ माझ्यासारखी निघाली आणि इतर कारणांनीही अनेक जण गळून शेवटी उपचारांच्या तुलनेसाठी 78 जण उरले. त्या उरलेल्यांत मात्र शस्त्रक्रियेचा गुण 67 टक्के रुग्णांना आला, आणि औषधे वाढवून दिलेल्यांपैकी 28 टक्के रुग्णांना. निवड काटेकोर असेल तेव्हा शस्त्रक्रिया किती उपयोगी ठरते आणि निवडीविना ती किती जणांवर वाया जाईल, हे दोन्ही त्या एकाच चाचणीत दिसते.

ताईशी शस्त्रक्रियेबद्दल झालेली चर्चाही तितकीच प्रामाणिक होती. रुडॉल्फ निसेन यांनी 1955 मध्ये प्रथम केलेल्या शस्त्रक्रियेत जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती पूर्ण गुंडाळतात; तूपे पद्धतीत मागील बाजूने सुमारे 270 अंशांपर्यंतच गुंडाळतात. ताईचे काही घोट मॅनोमेट्रीत कमजोर निघाल्यामुळे दुसरी पद्धत सुचवण्यात आली. “गोळी कायमची सुटेल ना?” या तिच्या प्रश्नाला शल्यचिकित्सकांनी थेट होकार दिला नाही. स्वीडनमधील 2,655 रुग्णांच्या पाहणीत 17.7 टक्के रुग्णांचा त्रास परत आला आणि त्यांतील बहुतेकांना पुन्हा औषधे सुरू करावी लागली, हे त्यांनी सांगितले. युरोपातील 2011 च्या एका मोठ्या चाचणीत, गोळीने आराम पडणाऱ्या रुग्णांपैकी पाच वर्षांनंतर त्रास आटोक्यात राहिलेल्यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत 92 टक्के आणि शस्त्रक्रिया झालेल्यांत 85 टक्के होते, हेही त्यांनी लपवले नाही. मात्र आंबट पाणी वर येण्याची तक्रार औषध घेणाऱ्या 13 टक्क्यांत आणि शस्त्रक्रिया झालेल्या केवळ 2 टक्क्यांत उरली होती. ताईचा त्रास नेमका हाच होता. त्याच चाचणीत गिळताना अडकणे, पोट फुगणे आणि वायू सरणे शस्त्रक्रिया झालेल्यांत अधिक आढळले होते, तेही तिला समजावून सांगितले. गोळ्यांच्या भीतीपोटी किंवा कर्करोग टाळण्यासाठी म्हणून हा निर्णय घेऊ नका, असे त्यांनी दोनदा बजावले, कारण औषधांच्या तुलनेत शस्त्रक्रियेने कर्करोग अधिक टळतो, असे सिद्ध झालेले नाही. माझ्या मेहुण्यांनी वजनाचा विषय काढला तेव्हा कळले की स्थूलता फार असेल तर ही शस्त्रक्रिया सुचवण्याऐवजी जठराचा बायपास सुचवतात.

ताईने विचारासाठी महिनाभर मागितला आणि त्यांनी तो आनंदाने दिला. शस्त्रक्रिया पोटाला पाच लहान छिद्रे पाडून झाली, तिसऱ्या दिवशी तिला घरी सोडले. दोन आठवडे पेज, ताक, गाळलेले वरण. त्यानंतर मऊ भात. भाकरीचा तुकडा सुमारे दोन महिने छातीत अडकत असे, आणि त्या काळात ती फार खचली होती. तो त्रास हळूहळू ओसरला. आज दहा महिन्यांनंतर ती आडवी झोपते, रात्रीचा खोकला थांबला आहे आणि गोळी बंद आहे. ढेकर मोकळी येत नाही आणि पोट फुगते, विशेषतः हरभऱ्याच्या डाळीने. ही किंमत तिला मान्य आहे.

माझ्या गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या. एकदम थांबवल्यास काही आठवडे आम्ल उसळून येते, म्हणून पायरीपायरीने. रात्री संवेदना शमवणारी अगदी कमी मात्रेची दुसरी गोळी आणि पोटाने श्वास घेण्याचा व्यायाम सुरू केला. त्रास पूर्ण गेला नाही, पण निम्म्याहून अधिक उतरला आहे.

उणिवाही नोंदवल्या पाहिजेत. मॅनोमेट्रीसाठी तीन आठवडे थांबावे लागले, कारण ती करणाऱ्या बाई एकट्याच आहेत. अहवाल इंग्रजीत आहे, आणि घरी पोचल्यावर त्यातले काहीच उलगडत नाही. शस्त्रक्रियेनंतरचा आहारतक्ताही इंग्रजीत, त्यात सूप आणि कस्टर्ड. पेज किंवा कण्हेरी यांचा उल्लेखही नाही. भाकरी अडकल्याच्या रात्री कोणाला विचारावे, यासाठी थेट दूरध्वनी क्रमांक दिलेला नव्हता, आणि ही त्रुटी मला सर्वांत गंभीर वाटते. खर्चाचा मुद्दाही नीट समजून घ्यावा. ताईच्या विम्यात शस्त्रक्रियेबरोबर दाखल होण्यापूर्वीच्या 60 दिवसांतील तपासण्यांचा खर्च मिळाला. मला दाखल व्हावे लागले नाही, त्यामुळे माझ्या दोन तपासण्यांचे 19,000 रुपये खिशातून गेले. तरीही ते पैसे मला सत्कारणी लागलेले वाटतात.

तेथे जाणाऱ्यांनी जुने एंडोस्कोपीचे अहवाल आणि कोणती गोळी किती वाजता घेता याची टिपणे बरोबर न्यावीत, आणि गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवू नयेत. घास अडकत असेल, वजन आपोआप उतरत असेल, रक्ताची उलटी किंवा काळी शौच होत असेल, तर या विभागाच्या तारखेची वाट न पाहता जवळच्या डॉक्टरांकडे आधी एंडोस्कोपी करून घ्यावी. आहारतक्ता मराठीत करावा, असे पत्र मी विभागाला दिले आहे, आणि ताईने त्याला आपल्या दोन आठवड्यांच्या जेवणाची यादी जोडली आहे.