पिल्लांचे शू-पॅड: सोलापूरच्या घरात कितपत चालतात?
शू-पॅड म्हणजे कुत्र्याच्या पिल्लानं शू करावी म्हणून फरशीवर अंथरायची, ओल शोषणारी, वापरून फेकायची पातळ गादी. 60 बाय 60 सेंमीचा पॅड लहान पिल्लाला पुरतो. लॅब्रेडॉर चार महिन्यांचं झालं की 60 बाय 90चाच घ्या, नाहीतर पाय पॅडवर आणि धार फरशीवर! आतलं जेल ओलावा चांगलं धरतं. नळाला रोज पाणी नसलेल्या घरात फडकी धूत बसण्यापेक्षा हे परवडतं.

खरी अडचण शहाबादी फरशीची. ती ओलावा पिते, वास धरते आणि पिल्लू पुन्हा तिथंच बसतं. नुसत्या फिनाइलनं भागत नाही. एन्झाइमवालं क्लीनर (शूचा वास मुळातूनच मोडणारं) ओतून 10-15 मिनिटं ओलं राहू द्या. उन्हाळ्यात ते लगेच वाळतं, म्हणून वर ओलं फडकं टाका. पॅडजवळ सोलापुरी चादर अंथरू नका, पायाखाली मऊ लागलं की पिल्लाला दोन्ही सारखंच.

उठल्यावर, खेळल्यावर आणि खाल्ल्यानंतर 15-20 मिनिटांत पॅडवर न्या, शू होताक्षणी खाऊ द्या. ओरडू नका हो, ते सोफ्यामागं लपून करायला शिकतं. पुढं बाहेर शू करायची सवय लागावी म्हणून पॅड दाराकडे सरकवायचा असेल, तर रोज वीतभरच सरकवा.

कुरतडणाऱ्या पिल्लासाठी पॅडवर जाळी बसणारा ट्रे हवाच. जेल पोटात गेलं तर फुगतं.