रोबो आणला, आईने त्याचं कासव केलं (वर्षभर वापरल्यानंतरचा रिव्ह्यू)

तर मागच्या दिवाळीच्या सेलमध्ये एकदाचा स्वतः फिरून केर ओढणारा रोबो व्हॅक्यूम घेतला, बँकेच्या कार्डाचा डिस्काउंट धरून २१,९९९ ला, आणि आता परत सेल आलाय तर व्हॉट्सअॅपवर चार जणांनी विचारलं की घेऊ का नको, प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा इथे एकदाच लिहून टाकतो. कंपनीचं नाव घेणार नाही. पुढे सर्व्हिस सेंटरबद्दल जे साठलंय ते बाहेर पडणार आहे, उगाच नावं कशाला.

आधीच सांगतो, मी हा झाडलोटीसाठी घेतलेला नाही. बायकोला तसं सांगितलं होतं, पण खरं कारण म्हणजे शाळेच्या लायब्ररीतली विज्ञानकथांची फडताळं संपवलेला माणूस मी, नारळीकर, धारप, मग कॉलेजात असिमोव्ह, क्लार्क, आणि चाळिशी आली तरी घरात एकही रोबो नाही म्हणजे काय! उडत्या गाड्या नाहीत, चंद्रावर वसाहत नाही, निदान एक रोबो तरी असावा.

खोका उघडला तर आतून ३५ सेंटिमीटरची गोल चकती, वर एक बुटका घुमट. आईने चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, हे तर देवळातलं कासव." झालं. अॅपमध्ये मी त्याचं फार विचार करून इंग्रजी नाव ठेवलं होतं, ते आजतागायत कोणी उच्चारलेलं नाही. घरात ते कासव, शेजारी कासव, कामाच्या मावशी पण "दादा, कासव चार्जिंगला लावलं का" असंच विचारतात.

आता यातली मजा आईला माहीत नव्हती आणि मला माहीत होती. स्वतःच्या अकलेने फिरणारे, चार्जिंग संपत आलं की आपणहून घरट्याकडे परतणारे जे अगदी सुरुवातीचे रोबो होते ना, ते ब्रिस्टलच्या ग्रे वॉल्टर नावाच्या मेंदूशास्त्रज्ञाने १९४८-४९ मध्ये बनवले, त्यांची नावं एल्मर आणि एल्सी, आणि लोक त्यांना कासवंच म्हणायचे. वर कवच, खाली तीन चाकं, उजेडाकडे ओढले जायचे, त्यांच्या खोपटात दिवा लावलेला असायचा म्हणून बॅटरी उतरली की बरोबर तिकडे. म्हणजे पाऊणशे वर्षांनी आईने एका मिनिटात तेच नाव काढलं. मी हे तिला सगळं उत्साहाने सांगितलं, ती म्हणाली बरं, आधी त्याला सोफ्याखालून काढ.

सोफ्याखाली अडकतं हो. याची उंची साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास, आमच्या सोफ्याखालची जागा दहा, पण मधे एक आडवी पट्टी आहे ती कोणाच्या लक्षात होती? घेण्याआधी पट्टी घेऊन सगळीकडे मोजा, दिवाणाखाली पण. बॉक्सवर ५००० पास्कल सक्शन वगैरे लिहिलेलं असतं त्याला भुलू नका. समुद्रसपाटीला हवेचा दाबच मुळात १,०१,३२५ पास्कल आहे, म्हणजे हा त्यातला पाचेक टक्के फरक पाडतो. धुळीला, केसांना तेवढा पुरतो, रव्यालाही पुरतो, पण लसणाच्या सालांना नाही. ती तोंडापर्यंत पोचतच नाहीत, बाजूचा जो तीन पात्यांचा फिरता ब्रश आहे तो त्यांना असा फटका मारतो की सालं हॉलमध्ये. लसूण सोललेल्या दिवशी कासव सोडायचं नाही हा आमच्याकडचा नियम आहे. आणि गजऱ्याचा दोरा! तो गोल ब्रशला असा करकचून गुंडाळतो की कात्री घेऊन बसावं लागतं.

मॅपिंग मात्र कमाल, इथे पैसे वसूल. वरच्या घुमटात लेझर गोल गोल फिरतो, भिंतीवर आपटून परत आलेल्या उजेडावरून अंतर काढतो, आणि दहा-बारा मिनिटांत मोबाइलवर आपल्या घराचा नकाशा उमटायला लागतो. पहिल्या दिवशी मी अक्षरशः जमिनीवर मांडी घालून ते बघत बसलो होतो. लेझरने अंतर मोजून चंद्राचे उंचसखल भाग नोंदवायचं यंत्र १९७१ ला अपोलो १५ सोबत गेलं होतं, आणि आता त्याच जातीची वस्तू आमच्या चपलांच्या स्टँडची खोली मोजतेय! मला तरी भरून आलं.

पण बेडरूममध्ये गंमत झाली. आमच्या वॉर्डरोबला खालपर्यंत आरसा आहे, लेझर त्यातून परत येतो तर त्याला वाटतं पलीकडे अजून एक खोली आहे. नकाशावर वॉर्डरोबच्या मागे आख्खी बेडरूम, पलंगासकट, उलटी. नारळीकरांच्या कथेत पानिपत मराठे जिंकतात तसलं एखादं समांतर विश्व आपल्याला कधी सापडेल असं लहानपणापासून वाटायचं, सापडलं ते सिंहगड रोडला, कपाटामागे. बायको म्हणाली सोसायटीला कळवू नकोस, मेंटेनन्स वाढवतील. अॅपमध्ये तिथे लाल चौकोन टाकून बंदी घालावी लागली, नाहीतर कासव रोज जाऊन आरशाला डोकं आपटायचं.

आता मुख्य तक्रारीकडे येतो, आणि ही सगळ्यांनी नीट वाचा कारण हे कुठल्याही व्हिडिओ रिव्ह्यूमध्ये सांगत नाहीत. तुमच्या घरात काळा कडप्पा आहे का?

आमच्या स्वयंपाकघराच्या दारात काळ्या कडप्प्याचा उंबरा आहे, दीड सेंटिमीटर उंच, चकचकीत. कंपनी म्हणते दोन सेंटिमीटरपर्यंत रोबो चढतो. चढतोही, चप्पल आडवी टाकली तर तिच्यावरून जातो. पण उंबऱ्यापाशी आला की थबकायचा, मागे यायचा, थोडा तिरका होऊन परत पुढे, परत थबकायचा. मला वाटलं बिघडला. मग शोधाशोध केल्यावर कळलं की याच्या पोटाखाली सेन्सर असतात, ते खाली इन्फ्रारेड उजेड टाकतात, उजेड परत आला म्हणजे जमीन आहे, नाही आला म्हणजे पुढे जिना आहे, खाली पडशील, मागे हो. आणि काळा गुळगुळीत दगड तो उजेड नीट परत पाठवतच नाही. म्हणजे त्याच्या लेखी आमचं स्वयंपाकघर एका खोल दरीच्या पलीकडे आहे.

त्याला तिथे पुढेमागे करताना बघून मला एकदम असिमोव्ह आठवला. रोबोंचे ते तीन नियम त्याने १९४२ च्या ज्या कथेत पहिल्यांदा सरळ मांडले, त्यात बुध ग्रहावर एका रोबोला सेलेनियम आणायला पाठवतात. दुसरा नियम सांगतो माणसाचा हुकूम पाळ, तिसरा सांगतो स्वतःला जप. हुकूम दिलेला असतो सहज, फार जोर न लावता, आणि रोबो महागाचा म्हणून त्याचा तिसरा नियम जरा जास्त कडक केलेला असतो. सेलेनियमच्या तळ्याजवळ धोका. मग जिथे दोन्ही नियमांची ओढ सारखी होते तिथे तो बिचारा तळ्याभोवती गोल गोल फिरत राहतो. माझ्या २१,९९९ च्या चकतीत कुठलाही नियमबियम नाही, काही सेन्सर आणि मोटरी, पण उंबऱ्यापाशी चाललंय हुबेहूब तेच! रात्री साडेनऊला मी खुर्ची टाकून बघत बसायचो. बायकोच्या मते हा माझा प्रॉब्लेम आहे, रोबोचा नाही.

यावर लोक उपाय सांगतात की पोटाखालच्या सेन्सरवर पांढरी पट्टी चिकटवा. करू नका, मग खऱ्या जिन्यावरून पण सरळ खाली जाईल. दुसरा उपाय उंबऱ्यावर पांढरी टेप लावायची, ते मी आईला विचारलं. आईने फक्त बघितलं माझ्याकडे.

आणि मग गौरी आल्या. आमच्याकडे दारापासून स्वयंपाकघरापर्यंत रांगोळीची पावलं काढतात, उंबऱ्यावर आईने आडव्या पांढऱ्या रेघांचा चांगला जाड पट्टाच ओढला होता, मधे पावलं, हळदकुंकू. सगळ्या जणी दारात गौर आत घ्यायच्या तयारीत, आणि मी एक गोष्ट विसरलो होतो, ती म्हणजे कासवाचं सकाळी अकराचं शेड्यूल. ते चार्जिंगच्या डॉकवरून "स्टार्टिंग क्लीनिंग" म्हणत निघालं, दारापासून एकेक पाऊल पुसत पुसत आलं, आणि उंबऱ्यापाशी मला वाटलं थांबेल. नाही थांबलं! पांढऱ्या रांगोळीवरून उजेड व्यवस्थित परत येत होता ना. आयुष्यात पहिल्यांदा कासवाने दरी ओलांडली, मागचे पट्टे खाऊन टाकत, आणि सरळ ओट्याखाली. मी सगळ्या बायकांसमोर "गेलं, गेलं, आत गेलं" करून ओरडलो, मॅच जिंकल्यासारखा. त्यानंतर घरात जे बोललं गेलं ते इथे लिहीत नाही. आणि वर तमाशा असा की रांगोळी त्यानेच पुसून टाकल्यामुळे आता परत यायच्या वाटेत पुन्हा दरी. गौरी जेवेपर्यंत कासव स्वयंपाकघरात अडकून पडलं होतं.

रांगोळी म्हणजे दगडाची अगदी बारीक पूड, ती फिल्टरमध्ये बसली. दुसऱ्या दिवशी आवाज घरघरीत, ओढणं बंद. फिल्टर धुतला, वाळवला (चोवीस तास वाळवा, ओला घालू नका), काही फरक नाही. मग सर्व्हिस सेंटर. तिथे फोनवर मला विचारलं, "सर, नेचर ऑफ पावडर?" मी म्हटलं रांगोळी. "स्पेलिंग सर?" पुढे कळवलं की बारीक पावडर वॉरंटीत बसत नाही, मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवर आहे म्हणे, आणि खरंच आहे, मुंगीच्या अक्षरात. बरं वॉरंटीत नाही तर नाही, पैसे घ्या पण द्या ना लवकर. १९ दिवस लागले. या १९ दिवसांत तीनदा तक्रारीचं तिकीट "रिझॉल्व्ह्ड" म्हणून बंद केलं, रोबो त्यांच्याकडेच असताना. मोटर आणि फिल्टर मिळून ३,४०० रुपये. भारतात वस्तू विकताय तर रांगोळी, भस्म, कणीक यांचा विचार नको का करायला? आणि बोलतो तो इंग्रजी किंवा हिंदी, मराठीचं नाव नाही. आईला "प्लीज मूव्ह रोबोट टू अ न्यू पोझिशन" काय कळणार, ती त्याला उत्तरादाखल "गप रे" म्हणते.

त्या १९ दिवसांत मावशींनी केर काढला, तोही त्याच्यापेक्षा स्वच्छ. हे मान्य करावंच लागेल. गोल वस्तू चौकोनी खोलीत सोडली तर कोपरे राहणारच, मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "दादा, कोपरा कोण काढणार?" कॉम्प्युटरने १९९७ ला कास्पारॉव्हला बुद्धिबळात हरवलं आणि अजून दारामागचा कोपरा कुणाला निघत नाही. हान्स मोराव्हेक नावाचा रोबोवाला १९८८ मध्येच म्हणून गेलाय की मोठ्या माणसाची अक्कल मशीनमध्ये घालणं सोपं, वर्षाच्या पोराचं बघणं आणि चालणं घालणं महाकठीण. आमच्याकडे आता अशी वाटणी आहे की रोजची धूळ कासव काढतं, आणि मावशी एक दिवसाआड येऊन कोपरे, ओट्याखालचं आणि फरशी पुसणं करतात. पगार तोच ठेवलाय. कासवाचं पुसणं म्हणजे ओल्या रुमालाने तोंड पुसल्यासारखं आहे, तेलकट डागावर पाच वेळा गेलं तरी डाग हसत असतो.

आणि कासव सोडायच्या आधी मी काय करतो माहितीये? चार्जरच्या वायरी उचलतो, पायपुसणी गोळा करतो, चपला वर, खुर्च्या टेबलावर, चटई गुंडाळतो, खेळण्यांचे तुकडे वेचतो. वीस मिनिटं. रोबो हा शब्द आला तो कारेल चापेकच्या १९२० च्या नाटकातून, मूळ चेक शब्द रोबोता, अर्थ वेठबिगारी. ते रोज सकाळी पायपुसणी उचलताना आठवतं.

तरी मी पाचपैकी साडेतीन देईन. घरात केस गळणारी माणसं किंवा मांजर असेल, फरशी हलक्या रंगाची असेल, उंबरे नसतील तर डोळे मिटून घ्या. राउटरला २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय चालू ठेवा, बऱ्याच जणांचं तिथेच अडतं. कडप्पावाल्यांनी दुकानात जाऊन आधी काळ्या टाइलवर चालवून बघा, आणि एक जादा फिल्टर त्याच ऑर्डरमध्ये मागवा, नंतर सुटा मिळेल याचा भरवसा नाही. आता हात असलेले पण निघालेत म्हणे, वाटेतले मोजे उचलून बाजूला ठेवणारे. बघतोय मी, बायकोला अजून बोललो नाही.

सर्व्हिस सेंटरवरून ते परत आलं ते नेमकं खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. सकाळी आईने शिलाईचं मशीन, मिक्सर, माझा लॅपटॉप सगळं पाटावर मांडलं, आणि मी काही न बोलता कासव पण नेऊन ठेवलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, गौरींचं सगळं आठवलं असणार, मग झेंडूचं फूल ठेवलं आणि बरोबर घुमटावर, लेझरच्या खिडकीवर, हळदकुंकवाचं बोट टेकवलं. अकरा वाजता "स्टार्टिंग क्लीनिंग", जागच्या जागी दोन गिरक्या, आणि मोबाइलवर मेसेज, लेझर सेन्सर झाकला गेलाय, पुसा. पुसला मी, कापूस आणि कोमट पाणी घेऊन. कडेला जरासं कुंकू राहिलंय अजून, चालतंय तसंच.